दारं धरणं

बसा. खुर्चीवर, सतरंजीवर, कुठंही. मनन म्हटलं की लोक पद्मासन घालायला बघतात. माझे गुडघे आता ऐकत नाहीत, तुमचेही ऐकत नसतील तर भिंतीला टेका. डावा हात मांडीवर उताणा ठेवा. उजव्या हाताची दोन बोटं मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखालच्या खळगीत टेकवा. दाबू नका. थोडं थांबा, ते आपणहून येतं.

आलं? मग वीस ठोके मोजा. घाई नाही.

मी हे पहाटे नांदेडला गोदावरीच्या घाटावर बसून करतो. त्या वेळी गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन ऐकू येत असतं, घाटावर फिरायला येणाऱ्यांच्या चपला वाजत असतात, आणि उन्हाळ्यात नदी जवळजवळ उभीच असते. त्याआधी तीस वर्षं मी लातूरला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. हृदय म्हणजे चार कप्पे, चार झडपा आणि पोरांना पाठ असलेली एक आकृती. परीक्षेची कसून तयारी करून घेणाऱ्या ‘लातूर पॅटर्न’मध्ये हृदयाच्या वाट्याला तेवढेच तास यायचे. पोरं डॉक्टर झाली, त्याचा आनंद आहे. पण मी स्वतः हृदयाकडे सावकाश बघितलं ते निवृत्त होऊन मुलाकडे नांदेडला आल्यावर. त्याला एक कारणही घडलं. ते पुढे येईलच.

बोटं तिथंच असू द्या.

तुमच्या बोटाखाली जे येतंय ते घडून गेलेलं आहे. हृदय आकसलं, रक्ताची लाट निघाली, खांद्यावरून, कोपरातून मनगटापर्यंत आली, तेव्हा तुम्हाला कळलं. आणि हृदय आकसायच्याही आधी एक निरोप त्याच्या अंगभर फिरून गेला होता. तो निरोप विजेचा असतो. आज त्याच्या मागोमाग जायचं आहे.

विजेचा म्हटलं की डोळ्यांपुढे तार येते. इकडे बटण, तिकडे दिवा. ती तार आधी मनातून काढून टाका. या निरोपाचा हृदयाच्या मांसातला वेग सेकंदाला साधारण अर्धा मीटर असतो. घाटावर काठी टेकत येणारी आजीबाई त्याच्या पुढे निघून जाईल. जे इतकं सावकाश चालतं ते तारेतून वाहत नसणार. कुणीतरी ते हातातून हातात देत असणार.

हे देणारे हात किती? माणसाच्या हृदयात स्नायूच्या पेशी दोनशे ते तीनशे कोटी. दर ठोक्याला त्या सगळ्यांपर्यंत निरोप पोचतो, आणि पाव सेकंदाच्या आत पोचतो.

एक ठोका येऊ द्या. आला तो, आणि सगळ्यांना पोचला.

फळ्यावर हृदयाचा स्नायू काढताना मी लांबट पेशी काढायचो, त्यांना टोकाशी फाटे काढायचो, आणि दोन पेशी जुळतात तिथं खडू आडवा धरून एक ठळक रेघ ओढायचो. इंटरकॅलेटेड डिस्क. नाव लिहायचं, पुढे जायचं. त्या रेघेत काय आहे हे मला पोरांनी कधी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. तसं पाहिलं तर मोठमोठ्यांनाही ती रेघ फार उशिरा कळली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बरेच जण मानत होते की हृदयाचा स्नायू एकसंध आहे, पेशी एकमेकींत मिसळून गेलेल्या आहेत. नाहीतर सगळं हृदय एका दमात कसं आकसेल? 1954 साली स्वीडनमध्ये शोस्ट्रांड आणि अँडरसन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती रेघ पाहिली. ती निघाली भिंत. या पेशीची एक आणि त्या पेशीची एक, अशा दोन भिंती, नागमोडी, एकमेकींत दातेरी बसलेल्या. प्रत्येक पेशी आपापल्या घरात होती.

इथं थोडं रेंगाळू. घरं वेगळी, भिंती पूर्ण, आणि तरी सगळी एका वेळी हलतात.

कारण भिंतीत दारं आहेत. विज्ञान त्यांना गॅप जंक्शन म्हणतं. एरवी शेजारशेजारच्या दोन पेशींच्या पडद्यांमध्ये वीसेक नॅनोमीटरची फट असते; दाराच्या जागी ते पडदे दोन-तीन नॅनोमीटरवर येतात. तिथं या पेशीनं सहा प्रथिनांचं एक कडं बसवलेलं असतं, पलीकडच्या पेशीनं दुसरं, आणि दोन्ही कडी तोंडाला तोंड लावून बसली की आरपार वाट होते. एकटीनं दार करता येत नाही, अर्धं शेजारणीनं करायचं. प्रथिनाचं नाव कनेक्सिन. खालच्या मोठ्या कप्प्यांत त्यातलं मुख्यतः 43 क्रमांकाचं असतं. वाटेतून क्षार जातात, छोटे रेणू जातात, आणि त्यांच्याबरोबर विद्युतभार जातो. पेशी शांत असते तेव्हा आतल्या बाजूला सुमारे उणे 90 मिलिव्होल्ट असतात. शेजारणीकडून थोडा भार आला की पडद्यातली सोडियमची तोंडं उघडतात, सोडियम आत घुसतो आणि एक-दोन मिलिसेकंदांत पेशीची बाजू पालटते. मग तिच्याकडचा भार पुढच्या दारातून पुढच्या घरात. निरोप असा जातो. प्रत्येक घरी तो नव्यानं पेटतो, म्हणून कोट्यवधी घरं ओलांडूनही विझत नाही.

या कनेक्सिनचं आयुष्य किती असावं? मला वाटलं होतं, जन्मभर. ते असतं काही तासांचं. सकाळी चहाच्या वेळी जी दारं होती त्यातली बरीचशी संध्याकाळच्या चहाला नसतात. जुनी निघालेली असतात, त्यांच्या जागी नवी बसलेली असतात. हृदय थांबवून दुरुस्ती करायची सोय नाही, म्हणून चालत्या घरात सुताराचं काम कायम चालू.

दारांभोवती चौकटही आहे. त्याच रेघेत दोन पेशींना यांत्रिकरीत्या घट्ट धरून ठेवणारे सांधे असतात, कारण दर ठोक्याला पेशी एकमेकींना ओढतात. ग्रीसमधल्या नॅक्सोस बेटावर काही कुटुंबांत एक आजार सापडला. लोकरीसारखे केस, तळहात जाड, आणि हृदयाचे ठोके बिघडलेले. दोष निघाला प्लॅकोग्लोबिन नावाच्या, सांधे धरून ठेवणाऱ्या प्रथिनात. विजेच्या वाटेशी त्याचा थेट संबंध नाही. पण चौकट सैल झाली की दारही टिकत नाही, एवढं त्या बेटानं दाखवून दिलं.

आता श्वास सोडा आणि माझ्याबरोबर आमच्या शेतात या. अहमदपूरजवळ, लातूर-नांदेड रस्त्यापासून आत. वेळ रात्रीची, कारण शेतीला लाईट रात्रीची मिळते. वडील खांद्यावर खोरं टाकून निघायचे. कुठं निघालात म्हटलं की उत्तर एकच, दारं धरायला. शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो. पाटाचं पाणी कोणत्या सरीत जायचं ते सरीच्या तोंडाशी माती ओढून किंवा फोडून ठरवायचं असतं. त्या तोंडाला दार म्हणतात, आणि त्या कामाला दारं धरणं. सरीचं दार फोडलं की पाणी सरीनं सरसर पुढे जातं. शेजारच्या सरीत मात्र त्याला वरंब्यातून पाझरतच जावं लागतं. पाणी तेच, उतार तोच, पण उभं धावतं आणि आडवं रांगतं. हे जमिनीनं ठरवलेलं नाही, नांगरणाऱ्यानं ठरवलेलं आहे.

हृदयाची पेशी सरीसारखी आहे. लांबी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी, रुंदी तिच्या पाचव्या हिश्शाएवढी. आणि तिची दारं बहुतेक टोकाला असतात, कुशीला थोडी. निरोपाला एक मिलिमीटर उभं जायचं तर दहाएक घरं ओलांडावी लागतात. तेवढंच आडवं जायचं तर पन्नासेक घरं, आणि दारंही कमी. म्हणून स्नायूच्या धाग्यांच्या दिशेनं निरोप आडव्यापेक्षा साधारण तिप्पट वेगानं धावतो. यात मेंदूचा हुकूम नाही. पेशीचा आकार कसा आणि दार कुठल्या भिंतीत, यावर दिशा ठरते.

धागेही सरळ नाहीत. खालच्या कप्प्याच्या भिंतीत आतून बाहेर येता येता त्यांची दिशा हळूहळू फिरत जाते, जवळजवळ 120 अंशांनी. घाटावर बाया लुगडं पिळतात तसं हृदय पिळलं जातं, नुसतं दाबलं जात नाही. हा पीळ निरोपाच्या वाटेतच घातलेला आहे.

तान्ह्या बाळाच्या हृदयात मात्र दारं टोकाला नसतात. जन्मतः ती पेशीच्या सगळ्या बाजूंना विखुरलेली असतात. मूल वाढतं तशी ती टोकाकडे सरकत जातात आणि साधारण सहाव्या वर्षाच्या सुमाराला मोठ्या माणसासारखी मांडणी होते. म्हणजे पहिलीत नाव घालायच्या वयात हृदय आपल्या सऱ्या पाडून पुरं करतं. हे वाचलं त्या दिवशी मी नातवाच्या छातीवर बराच वेळ कान ठेवून बसलो होतो. तो पाच वर्षांचा आहे. त्याला वाटलं आजोबांचा खेळ चाललाय.

एका पेशीला शेजारणी किती, हेही कुणीतरी मोजलं आहे. कुत्र्याच्या हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात एका पेशीला सरासरी अकरा. मला लातूरची गंजगोलाई आठवते. मधोमध देवीचं देऊळ, भोवती 1917 मध्ये बांधलेली गोल इमारत, आणि तिथून फुटणारे सोळा रस्ते. एखादा रस्ता मिरवणुकीनं अडला तर बाजार बंद पडत नाही, माणसं दुसऱ्या रस्त्यानं फिरून येतात. निरोगी हृदयात एखादी पेशी गेली तर असंच होतं. अकरा शेजारणींपैकी एक गेली, दहा आहेत.

बोटाखाली ठोका आहे ना अजून? चला, आता अगदी सुरुवातीला जाऊ.

उजव्या वरच्या कप्प्यात, वरून महाशीर येऊन मिळते त्या कोपऱ्यात, पेशींचा एक छोटा पुंजका आहे. सायनस नोड. कीथ आणि फ्लॅक यांनी 1907 मध्ये त्याचं वर्णन केलं. फ्लॅकला तो प्रथम दिसला मोल नावाच्या, जमिनीखाली बिळं करणाऱ्या लहानशा प्राण्याच्या हृदयात. या पेशींना कुणी हलवावं लागत नाही; त्या आपोआप भरत जातात आणि पेटतात. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी 1968 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात हृदयारोपण केलं, तो रुग्ण काही तासच जगला. पण अशा प्रत्येक शस्त्रक्रियेत एक गोष्ट दिसते. हृदय काढताना त्याच्या नसा कापल्याच जातात आणि नव्या छातीत त्या जोडता येत नाहीत. तरी ते चालतं. सुरुवात त्याच्या आतच आहे.

आता तुम्हाला वाटेल, जिथून सुरुवात होते त्या पुंजक्याला मोठमोठी दारं असतील. मलाही तसंच वाटलं होतं. उलट आहे. तिथल्या पेशी बारीक आणि दारं थोडकी.

का, हे समजायला पुन्हा शेतात जावं लागेल. आमची जमीन काळी, मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा रानात पाटातून बारीक धार सोडली तर ती सरीच्या तोंडाशीच गडप होते. रान तहानलेलं असतं, ते सगळं पिऊन टाकतं. सायनस नोडच्या चिमूटभर पेशींभोवती वरच्या कप्प्याचा सगळा स्नायू असाच पसरलेला आहे, उणे 80-90 मिलिव्होल्टांवर शांत, भार ओढून घ्यायला टपलेला. मधली दारं सताड असती तर नोडमधला भार भरायच्या आधीच निथळून गेला असता आणि ठोका सुरूच झाला नसता. म्हणून आत दारं कमी. आधी भरू द्यायचं, मग ठरावीक तोंडांनीच बाहेर सोडायचं. वडील नेमकं हेच करायचे. लाईट कमी दाबाची असेल त्या रात्री ते एका वेळी एकच दार फोडायचे.

माझ्या अख्ख्या नोकरीत मी ‘जोडलेपण’ हा शब्द चांगल्याच अर्थानं वापरला. हृदयाला तो तसा सरसकट मान्य नाही. कुठं जोडायचं आणि कुठं राखून जोडायचं, हे ते जागा बघून ठरवतं.

निरोप वरच्या कप्प्यांतून पसरला. आता खाली जायचं. पण वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये तंतूंचा पडदा आहे, त्यातून वीज जात नाही. वाट एकच, आणि त्या वाटेवर एव्ही नोड. जपानमधून जर्मनीत मारबुर्गला शिकायला गेलेल्या सुनाओ तवारानं 1906 मध्ये ही जागा उलगडून दाखवली. हृदयाचे पातळ पातळ काप करत, एकामागून एक काप बघत त्यानं ती वाट शोधली. मला या सगळ्या मंडळींत तवारा जास्त आवडतो. त्यानं घाई केली नाही आणि सापडलं तेही घाई न करणारं.

या नोडमध्ये पेशी बारीक, दारं थोडी आणि छोटी, शिवाय पेटणं सोडियमवर कमी आणि सावकाश उघडणाऱ्या कॅल्शियमच्या तोंडांवर जास्त. वेग सेकंदाला जेमतेम पाच सेंटिमीटर. मुंगी चालते तसा निरोप चालतो. इथं सेकंदाचा साधारण दहावा भाग जातो.

हा दहावा भाग वाया जात नाही. तेवढ्यात वरचे कप्पे आकसून आपलं उरलेलं रक्त खाली ओततात. हा थांबा नसता तर वरचे आणि खालचे एकदमच आकसले असते आणि एकमेकांच्या तोंडावर दार आपटलं असतं. तुमच्याकडे जुना ईसीजी असेल तर काढून बघा. पहिल्या छोट्या उंचवट्यानंतर आणि मोठ्या उभ्या शेंड्याच्या आधी एक सपाट तुकडा असतो. तंत्रज्ञ तो मिलिमीटरात मोजतात. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो, एक बारीक चौकोन म्हणजे 0.04 सेकंद. त्या सपाटीवर बोट ठेवा. हृदय तिथं वाट बघतंय.

जरा आपणही थांबू. दोन ठोके जाऊ द्या.

नोडच्या पुढे सगळं पालटतं. हिसचा जुडगा, त्याच्या दोन शाखा आणि मग खालच्या कप्प्यांच्या आतल्या अस्तराखाली पसरलेले पुर्किंजे तंतू. पुर्किंजेला ते मेंढीच्या हृदयात दिसले, 1839 मध्ये. मीही ते तसेच बघितले. मटणाच्या दुकानात गेलो की दुकानदार विचारायचा, “सर, दिल होना की कलेजी?” आपल्या मराठीत काळीज म्हणजे हृदयही आणि यकृतही, नांदेडच्या दुकानात तो घोटाळा चालत नाही. दिल घ्यायचं, घरी ओट्यावर उभं चिरायचं, धुऊन उजेडाकडे धरायचं. आतल्या चकचकीत अस्तराखाली फिकट धाग्यांची जाळी दिसते. बायको म्हणायची, निवृत्त झालात ना आता. या तंतूंच्या पेशी जाडजूड असतात, त्यांच्यात आकसायचं सामान कमी, आणि टोकाला दारं भरपूर, तीही जास्त वाहणारी. वेग सेकंदाला दोन ते चार मीटर. मुंगीच्या चालीनं आलेला निरोप इथं पळत सुटतो, आणि खालच्या कप्प्याच्या दूरदूरच्या भागांना जवळजवळ एकाच वेळी मिळतो.

एकाच हृदयात मुंगीही आहे आणि धावणाराही. दोघांत फरक काय? पेशी जाड की बारीक, दारं किती, कोणत्या जातीची, पेटायला कोणती तोंडं. निरोप एकच.

आता जरा अवघड भागाकडे वळतो. तुम्हाला नको वाटलं तर बोट काढून पाणी पिऊन या.

30 सप्टेंबर 1993. पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. अनंत चतुर्दशीची रात्र सरत होती. किल्लारी आणि आजूबाजूच्या गावांत भूकंपानं काय झालं ते आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. मी दुसऱ्या दिवशी गेलो होतो. बाकी काही लिहीत नाही, फक्त भिंतींबद्दल लिहितो. आमच्याकडची जुनी घरं दगड-मातीची, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. भिंती हातभर, दोन हात जाड. एवढी जाड भिंत पडेल असं कुणाला वाटलं नव्हतं. नंतर जाणकारांनी सांगितलं की त्या जाड भिंती खरं तर दोन होत्या: बाहेरच्या दगडांचा एक थर, आतल्या दगडांचा दुसरा, मध्ये माती आणि कपऱ्या. दोन्ही थरांना आरपार बांधणारे दगड फारसे नव्हतेच. उभ्यानं रचना छान दिसत होती. आडवी गाठ नव्हती. हादरा बसला आणि थर एकमेकांपासून सुटले. पुढे उभ्या राहिलेल्या घरांची मजबुती करताना भिंतीला आरपार भोकं पाडून सळई घालून काँक्रीट भरायला शिकवलं गेलं, ते यासाठीच.

हृदयाचं म्हातारपण मला त्या भिंतीसारखं वाटतं. वय वाढतं तसे स्नायूच्या धाग्यांमध्ये कोलॅजनचे तंतू शिरतात, विशेषतः वरच्या कप्प्यांत. टोकाची दारं बऱ्यापैकी राहतात, कुशीची आधी जातात. उभं चालू, आडवं तुटलेलं. मग आडवं जायचं तर निरोपाला धाग्यानं लांबवर जायचं, कुठंतरी एखादी गाठ सापडली की पलीकडच्या धाग्यात उतरायचं, पुन्हा मागं यायचं. असा नागमोडी. अंतर बोटभर, चाल हातभर. उतारवयात वरच्या कप्प्यांची लय बिघडून ते नुसते थरथरतात, त्याच्या कारणांतलं हे एक. तुमचं वय साठीच्या पुढे असेल तर हे तुमच्यात थोडंफार सुरू आहे. माझ्यात आहे. भिण्यासाठी सांगत नाही. माळवदाखाली माझं बालपण सुखातच गेलं.

आणि आता ते कारण.

थोरले बंधू अण्णा गावीच असतात, शेती तेच बघतात. दोन वर्षांपूर्वी माघात एका रात्री रानातून आले ते छातीवर हात ठेवून. वहिनींना म्हणाले, पित्त झालंय, सोडा दे. सोडा घेतला, ओवा खाल्ला, अंगाला दरदरून घाम सुटला तरी पित्तच. मी फोनवर म्हटलं, अण्णा, आत्ताच्या आत्ता निघा. तर म्हणे, “कशाला घाई करायलास? सकाळची पहिली बस हाय ना.” पहिली बस पावणेसहाची. तोपर्यंत पाच तास गेले.

त्या पाच तासांत आत काय झालं ते मी नंतर वाचलं, आणि वाचताना मला अण्णांचा राग येईनासा झाला. रक्त बंद झालेल्या भागात पेशींमध्ये आम्ल साचतं, कॅल्शियम वाढतं. ते वाढलं की दारं मिटतात. मरणाऱ्या पेशीच्या शेजारणी तिच्याकडचं दार लावून घेतात, नाहीतर तिच्यातून त्यांचाही भार गळून गेला असता. एंगेलमान नावाच्या शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकातच हे पाहिलं होतं. हृदय कापलं तर जखमेच्या कडेच्या पेशी जातात, पण नासाडी पुढे सरकत नाही. स्नायू आपला काठ मिटवून घेतो. दारं होती म्हणून हृदय एकत्र हललं आणि दारं मिटू शकतात म्हणून ते सगळंच्या सगळं गेलं नाही. इथं मी दर वेळी थांबतो. तुम्हीही थांबा.

नंतर दीड-दोन महिन्यांत मेलेल्या स्नायूच्या जागी चट्टा तयार होतो. चट्टा वीज नेत नाही. पण चट्ट्याच्या काठावर काही धागे जिवंत राहतात, कोलॅजनच्या मधून वाट काढत गेलेले. त्या काठच्या पेशींत दारं टोकावरून पुन्हा कुशीला विखुरतात, तान्ह्या बाळात होती तशी. सरी मोडते. निरोप अडखळत, उशिरा, भलत्या बाजूनं बाहेर पडतो.

उशिरा पोचला तर बिघडलं काय? एक साधा गुणाकार करू. पेटून गेलेली पेशी साधारण पाव सेकंद पुन्हा पेटत नाही. निरोपाचा वेग अर्धा मीटर. म्हणजे निरोपाच्या मागं साडेबारा सेंटिमीटरपर्यंत सगळं झोपलेलं असतं. हृदय मुठीएवढं. त्यामुळं निरोगी हृदयात निरोप फिरून मागं येऊ बघेल तर त्याला कुठंच जागं रान सापडत नाही, तो विझतो. पण चट्ट्याच्या काठानं तो मुंगीच्या चालीनं गेला तर बाहेर पडेपर्यंत मागचं रान जागं झालेलं असतं. मग तो पुन्हा आत शिरतो, आणि गोल फिरत राहतो. पाणी एका सरीतून जाऊन फुटक्या वरंब्यातून पुन्हा पहिल्याच सरीत यावं, तसं. जॉर्ज माइन्सनं 1913 मध्ये हे चक्र समजावून दिलं होतं. अशा चक्रात हृदय इतक्या वेगानं धडधडतं की रक्त पुढे ढकललंच जात नाही.

अण्णांना ते झालेलं नाही. अधूनमधून एखादा ठोका चुकीच्या जागेवरून येतो, एवढंच. त्यांच्या मनगटावर बोट ठेवलं की कळतं: एक, दोन, तीन, लगेच चौथा, मग एक लांब पोकळी. त्या पोकळीत मला घाम फुटतो. ते मात्र मजेत तंबाखू मळत असतात. ती सोडा म्हटलं तर ऐकू येत नाही.

बोट काढा आता. हात झटका, मुंग्या आल्या असतील.

एकच विनंती. तुमच्या घरी कुणाची छाती जड झाली, दुखणं जबड्याकडे, खांद्याकडे गेलं, घाम सुटला, तर सोडा-ओवा नको, पहाटेच्या बसची वाट नको. 108 ला फोन करा आणि जिथं ईसीजी निघतो तिथं पोचा. मिटलेली दारं पहिल्या थोड्या वेळात रक्त परत आलं तर पुन्हा उघडतात.

अण्णांना डॉक्टरांनी रात्रीचं रानात जायला मनाई केली आहे. काल रात्री साडेअकराला लाईट आली. वहिनींना झोप लागली होती. सकाळी फोनवर सांगत होत्या, हरभऱ्याच्या सगळ्या सऱ्या भिजल्यात, दारं नीट धरलीत.